सगळे आकडे जुळले, तिथेच शंका यायला हवी होती: पिकाचं मॉडेल विंडोजवरून लिनक्सवर आणताना

सोयाबीनच्या दोन्ही ट्रीटमेंट (एकाच प्रयोगात ताडून पाहायच्या दोन पद्धती), फुलोऱ्याचा दिवस, पक्वतेचा दिवस, उत्पादन, बाष्पीभवन. सगळं शेवटच्या अंकापर्यंत सारखं निघालं. माझ्याकडे प्रबंधाच्या कामासाठी येणारा एमएस्सीचा पोरगा म्हणाला, "सर, झालं ना! मस्त चालून राहिलं बाप्पा." मीही खुश झालो, चहा झाला. रात्री सहज निकालाच्या फाइलची पहिली ओळ वाचली, तर तिच्यावर तीन आठवड्यांपूर्वीची तारीख. आम्ही नवीन बनवलेला प्रोग्राम सुरू होता होताच थांबला होता आणि त्याने एक ओळही लिहिली नव्हती. पेनड्राइव्हवरून आलेला विंडोजचा जुना निकाल त्याच फोल्डरमध्ये पडून होता. आम्ही जुन्याची तुलना जुन्याशीच करून टाळ्या वाजवत होतो.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. कंपाइल करायला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधायला, जेमतेम अर्धा तास लागतो, आणि नेटवर बहुतेक ठिकाणी तेवढंच शिकवतात. पुढचे चार-सहा दिवस कसे घालवायचे, हे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

उदाहरणाला मी डीएसएसएटी घेतो, बोलताना आपण डीसॅट म्हणतो ते. १९८२ साली सुरू झालेल्या आयबीएसनॅट प्रकल्पातून ते निघालं आणि पहिली आवृत्ती १९८९ ची. पीक, माती, हवामान आणि मशागत दिली की दिवसागणिक पीक कसं वाढेल ते हे मॉडेल काढून देतं. त्यात कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा आणि ज्वारी आहेत, म्हणजे आपल्या विदर्भाचं जवळजवळ सगळं वावर. कोड फोर्ट्रानमध्ये आहे आणि गिटहबवर मोफत मिळतो. माणसं मात्र ते शिकतात विंडोजवर. आमच्या दारव्हा-दिग्रस भागात पोरांकडे असलेले सेकंडहँड लॅपटॉप विंडोज १० चे. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्या जुन्या प्रोसेसरवर रीतसर बसत नाही. मग उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक मोफत प्रकार, टाकायचं आणि मॉडेल तिथे न्यायचं. दुसरं कुठलं फोर्ट्रान किंवा सी मधलं वैज्ञानिक सॉफ्टवेअर असलं तरी वाट हीच.

एक गोष्ट आधीच सांगतो. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. आज्ञा लहान अक्षरांत द्यायच्या, आणि फाइलींची नावं फोल्डरमध्ये जशी दिसतात तशीच्या तशी.

विंडोज पुसण्याआधी

पोरं इथेच घाई करतात. आधी विंडोज उडवतात, लिनक्स टाकतात, आणि मग तुलना कशाशी करायची हा प्रश्न पडतो. म्हणून विंडोज जिवंत असतानाच संदर्भ बांधून ठेवा.

डीसॅटसोबत नमुन्याचे प्रयोग येतात. त्यातला सोयाबीनचा 'यूएफजीए७८०१' हा प्रयोग मी नेहमी पहिला घेतो. नावातच त्याचा पत्ता आहे: पहिली दोन अक्षरं संस्थेची, म्हणजे फ्लोरिडा विद्यापीठ, पुढची दोन ठिकाणाची, गेन्सव्हिल, मग वर्ष १९७८ आणि प्रयोग क्रमांक ०१. वाण ब्रॅग. ट्रीटमेंट दोनच, एक ओलिताची आणि एक कोरडवाहू. छोटा, स्वच्छ आणि जगभर चालवला गेलेला प्रयोग.

पण एकटा तो पुरत नाही. सोयाबीन, कापूस, हरभरा आणि तूर ही सगळी पिकं क्रॉपग्रो नावाच्या एकाच कोडमधून जातात. चारही चालवली तरी तुम्ही तपासलं एकच घर. ज्वारी सेरेस नावाच्या दुसऱ्या कोडमधून जाते, म्हणून तिचा एक प्रयोग घ्या. कापसाचा एक घ्या, कारण शेवटी काम त्याच्यावरच करायचं आहे. एका पिकामागून दुसरं घेणारा फेरपालटाचा एखादा प्रयोगही ठेवा, म्हणजे एका हंगामातून दुसऱ्यात माती नीट जाते की नाही ते कळतं.

प्रत्येक प्रयोग वेगळ्या फोल्डरमध्ये चालवा. निकालाच्या सगळ्या फाइली 'संदर्भ' म्हणून बाजूला काढा आणि फक्त वाचण्यापुरत्या करून टाका. निकालाच्या माथ्यावर मॉडेलची आवृत्ती छापलेली असते, ती पूर्ण लिहून घ्या, शेवटच्या आकड्यापर्यंत. हे का, ते पुढे येईलच.

पेनड्राइव्हवर नेण्याआधी आणि नेल्यावर, दोन्हीकडे फाइलींचा एसएचए२५६ ठसा काढा, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला आकडा; मजकूर जरा बदलला तरी तो बदलतो. लिनक्सवर आज्ञा 'एसएचए२५६सम'. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश'. आमच्याकडे एक पेनड्राइव्ह दहा लॅपटॉपांत फिरतो, अर्ध्यात वायरस असतो. ठसा जुळला तरच पुढे जा.

सामान आणि जागा

लागतात चारच गोष्टी: जीफोर्ट्रान (फोर्ट्रानचा कंपायलर), सीमेक आणि मेक (बांधणीची साधनं) आणि गिट (कोड उतरवून घ्यायला). 'सुडो एपीटी इन्स्टॉल' लिहून पुढे चौघांची नावं द्यायची. गावात रेंज एका दांडीवर असेल तर हे काम तालुक्याला गेल्यावर आटपा. सोर्स कोडही तेव्हाच घ्या. गिटला 'डेप्थ १' सांगितलं की जुना सगळा इतिहास उतरत नाही, डेटा वाचतो.

पण कुठला सोर्स घ्यायचा? सगळ्यात जास्त खोट्या भानगडी इथून निघतात. तुमचा संदर्भ एका आवृत्तीचा आणि गिटहबवरून घेतलेला कोड आजचा असेल, तर आकडे वेगळे येणारच. मधल्या काळात कोणीतरी नत्राचं समीकरण सुधारलेलं असतं आणि तुम्ही कंपायलरला शिव्या घालत बसता. म्हणून संदर्भावर जी आवृत्ती छापली आहे तिचाच टॅग, म्हणजे गिटमध्ये त्या आवृत्तीला दिलेलं नाव, मागा. प्रयोग, माती, हवामान आणि वाणांच्या फाइलींचं भांडार कोडपासून वेगळं असतं, तेही त्याच आवृत्तीचं घ्या. त्याहून सोपं म्हणजे, ठसा घेतलेला विंडोजवरचाच डेटा वापरा.

आता फोल्डरची जागा. मार्ग आखूड ठेवा, त्यात मोकळी जागा नको आणि देवनागरी तर अजिबात नको. जुन्या फोर्ट्रान कोडमध्ये फाइलच्या मार्गाला ठरावीक अक्षरांचीच जागा राखलेली असते. मार्ग लांबला की शेपूट कापलं जातं आणि प्रोग्राम म्हणतो फाइल सापडली नाही. समोर फाइल दिसत असते, डोकं फिरतं. मी घरच्या फोल्डरमध्ये 'डीएस' एवढ्याच नावाचा फोल्डर ठेवतो.

ज्यांना विंडोज सोडायचंच नाही त्यांनी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच चालणारं लिनक्स, वापरायला हरकत नाही. फक्त फाइली लिनक्सच्या घरात ठेवा, सी ड्राइव्हवर ठेवून चालवू नका. तिथे काम फार हळू होतं. शिवाय विंडोज नावातल्या लहान-मोठ्या अक्षरांकडे काणाडोळा करतं, म्हणून काही चुका तिथे दिसतच नाहीत.

कंपाइल

सोर्सच्या आत 'बिल्ड' नावाचा वेगळा फोल्डर करा. खरं म्हणजे दोन करा, चुका शोधायला 'बिल्ड-डीबग' आणि रोजच्या वापराला 'बिल्ड-रिलीज'. मूळ कोडात घाण होत नाही, आणि दोन्ही बांधण्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. पुढे ते फार उपयोगी पडतं.

आत शिरून सीमेक चालवा. त्याला दोन गोष्टी सांगायच्या. पहिली म्हणजे बांधणीचा प्रकार, 'सीमेक बिल्ड टाइप': सगळी अक्षरं मोठी, शब्दांमध्ये अंडरस्कोअर, आधी वजाचिन्ह आणि त्याला चिकटून मोठा डी. दुसरी त्याच पद्धतीने 'सीमेक इन्स्टॉल प्रीफिक्स', म्हणजे मॉडेल शेवटी कुठे राहणार तो फोल्डर. तो घरातलाच द्या. हा मार्ग प्रोग्रामच्या पोटात छापला जातो, म्हणून नंतर फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलात तर बिचारा जुन्या पत्त्यावरच शोधत बसतो.

मग 'मेक'. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दोनच धागे द्या, 'मेक' पुढे वजा जे २. जास्त दिले तर मशीन गुदमरतं. स्क्रीनवर जे वाहत जातं ते 'टी' या आज्ञेने फाइलमध्येही उतरवा. लाइन गेली, बॅटरी संपली, तरी कुठे थांबलं होतं ते राहतं. मेकची चांगली गोष्ट अशी की पुन्हा सुरू केलं की झालेलं काम पुन्हा करत नाही.

इथे अडलात तर बहुतेक यापैकी एक कारण असतं. जीफोर्ट्रानने १० व्या आवृत्तीपासून एक शिस्त कडक केली: एका सबरूटीनला एकदा पूर्णांक आणि एकदा दशांश पाठवलेला दिसला की आधी नुसता इशारा यायचा, आता चूक म्हणून थांबतो. जुन्या कोडात असं सर्रास असतं. 'अलाउ आर्ग्युमेंट मिसमॅच' हा पर्याय दिला की तो पुन्हा नुसता इशारा होतो. मात्र कुठल्या फाइलीला तो लागला ते लिहून ठेवा. दुसरं म्हणजे ७२ वा कॉलम. जुन्या धाटणीच्या फोर्ट्रानमध्ये ओळीतला ७२ च्या पुढचा मजकूर कंपायलर वाचतच नाही, पंचकार्डांच्या काळाचा वारसा आहे तो. एखादी ओळ तुम्ही स्वतः लांबवली असेल तर तिची शेपटी गुपचूप गळते. कधी चूक येते, कधी येतच नाही, आणि न येणं जास्त वाईट.

डीबग बांधणीत तीन पर्याय आवर्जून घाला. 'एफचेक ऑल' यादीच्या बाहेर हात घातला की ओरडतो. 'एफबॅकट्रेस' कुठल्या ओळीवर मेला ते सांगतो. 'एफएफपीई ट्रॅप' शून्याने भागाकार किंवा अर्थहीन आकडेमोड झाली की तिथेच थांबवतो. यामुळे प्रोग्राम हळू चालतो, चालू द्या.

पहिली धाव

प्रयोगाचा फोल्डर नवा कोरा घ्या. त्यात फक्त प्रयोगाच्या फाइली ठेवा, जुना एकही निकाल नको. आमची फजिती इथेच झाली होती. आता माझ्या स्क्रिप्टची (आज्ञा ओळीने लिहिलेल्या फाइलीची) पहिली ओळच 'आउट' शेपटीच्या सगळ्या फाइली पुसते, आणि प्रोग्राम संपल्यावर निकालाची वेळ धावेच्या नंतरची आहे का ते बघते.

आज्ञा सोपी आहे: प्रोग्रामचं नाव 'डीएससीएसएम०४८', मग मोठा ए, मग प्रयोगाची फाइल. ए म्हणजे सगळ्या ट्रीटमेंट चालव.

आणि बहुतेक ते चालणार नाही. लिनक्सला 'सॉइल डॉट एसओएल' मोठ्या अक्षरांत आणि लहान अक्षरांत या दोन वेगळ्या फाइली वाटतात. विंडोजला त्याचं काही पडलेलं नसतं, म्हणून वर्षानुवर्षं नावं कशीही लिहिली गेलेली असतात. कोड ज्या अक्षरांत मागतो त्याच अक्षरांत नाव हवं. दुसरं, मार्गांची फाइल. विंडोजवर तिची शेपटी 'व्ही४८' असते आणि लिनक्सवर 'एल४८'. विंडोजची फाइल नाव बदलून चालवू नका, आत सगळे सी ड्राइव्हचे उलटे तिरके दंड असतात.

ओळींच्या शेवटाचा फरक मॉडेलला सहसा नडत नाही, जीफोर्ट्रान तो सांभाळून घेतो. नडतो तो शेल स्क्रिप्टला आणि तुलनेला. विंडोजची प्रत्येक ओळ शेवटी एक जास्तीचं अदृश्य चिन्ह घेऊन येते, त्यामुळे तुलनेची आज्ञा 'डिफ' म्हणते की सगळ्याच ओळी वेगळ्या. तिला 'स्ट्रिप ट्रेलिंग सीआर' सांगा.

एक तोटा मात्र मान्य करायचा. एक्सबिल्ड, एसबिल्ड, जीबिल्ड ही विंडोजची चित्रमय साधनं लिनक्सवर नाहीत. फाइली हाताने लिहाव्या लागतात. संपादकात कॉलमचा आकडा दिसू द्या आणि टॅब बंद करा. या फाइलींत कुठला आकडा कुठल्या रकान्यात बसतो यालाच अर्थ आहे. पेरताना तिफण एक ओळ सरकली की अख्खं वावर तिरपं होतं, तसं एक टॅब पुढचे सगळे आकडे सरकवतो. इशाराही येत नाही, २८.५ अंश तापमान आरामात ८.५ होऊन बसतं.

आकडे थोडे हलणारच. किती हलू द्यायचे?

समजा धाव झाली, निकाल ताजा आहे, आणि आकडे जवळपास जुळतात पण तंतोतंत नाही. घाबरायचं नाही.

कापसाचे दिवस आठवा. पंचवीस गाठोडी आहेत. काट्यावर किलोच्या खालचं वजन दिसत नाही. प्रत्येक गाठोडं वेगळं मोजून बेरीज केली तर एक आकडा येतो, भरलेली बंडी मोजून रिकामीचं वजन वजा केलं तर दुसरा. कापूस तोच, फसवणूक कोणाची नाही, फक्त कुठे पूर्णांक केला ते बदललं. संगणकाचंही तसंच. फोर्ट्रानच्या साध्या दशांश आकड्यात साधारण सात अंकच मावतात. १६७७७२१६ मध्ये १ मिळवला तर उत्तर १६७७७२१६ च येतं. त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक बदलतो, आणि दुसरा कंपायलर वेग वाढवायला क्रम बदलतो. जुन्या ३२-बिट बांधणीत मधली आकडेमोड ८० बिटांत होऊ शकते, ६४-बिटवर तसं होत नाही. काही प्रोसेसर गुणाकार आणि बेरीज एका दमात करतात, मधे अंक छाटतच नाहीत. इंटेलवर हे सहसा 'मार्च नेटिव्ह' (याच प्रोसेसरसाठी खास बांध) हा पर्याय दिल्यावर होतं. रास्पबेरी पाय किंवा ॲपलच्या एम चिपवर जीफोर्ट्रान न सांगताच करतो. म्हणून पडताळणी होईपर्यंत 'नेटिव्ह' आणि 'फास्ट मॅथ' (अचूकता सोडून वेग बघणारा पर्याय) या दोघांना घरात घेऊ नका.

सूट किती द्यायची ते आकडे बघण्याआधी लिहून ठेवा. बघितल्यावर ठरवली तर माणूस नेहमी आपल्याला सोयीची ठरवतो. माझी विभागणी अशी आहे. जे आकडे आपण दिले आणि मॉडेलने फक्त परत छापले, म्हणजे पेरणीची तारीख, एकूण पाऊस आणि ओलिताच्या पाळ्या, ते तंतोतंत जुळलेच पाहिजेत. पाऊस दोन मिलिमीटरनेही वेगळा आला तर तो कंपायलरचा खेळ नाही, हवामानाची फाइलच दुसरी उचलली गेली आहे. फुलोरा आणि पक्वतेचे दिवसही तंतोतंत. उत्पादन आणि एकूण जैवभार यांना मी ०.१ टक्का देतो, म्हणजे हेक्टरी १५०० किलोला दीड किलो. नत्र आणि सेंद्रिय कर्ब यांना थोडं जास्त, ०.५ पर्यंत. शून्याजवळच्या आकड्यांना टक्केवारी लावू नका. वाहून गेलेलं पाणी ०.०२ आणि ०.०३ मिलिमीटर असेल तर टक्क्यात फरक ५० चा दिसतो, पाण्यात मात्र काहीच नसतो. तिथे सरळ मिलिमीटरची मर्यादा घाला.

तुलना करताना माथ्यावरची तारीख-वेळेची ओळ वगळायची, ती दर धावेला बदलते. मात्र आधी ती स्वतः वाचायची. आमचा धडा.

आणि एकदा मुद्दाम चूक पेरा. प्रयोगाच्या फाइलीत पेरणी दहा दिवस पुढे ढकला आणि तुलना चालवा. तुलनेने बोंब मारली पाहिजे. नाही मारली तर तुमचं तुलनेचं स्क्रिप्टच आंधळं आहे. त्या दिवशी हे एक केलं असतं तर आम्ही पाच मिनिटांत पकडलो गेलो असतो.

फरक मोठा निघाला तर

हंगामाच्या शेवटचा आकडा बघत बसू नका. दिवसागणिक वाढीची फाइल असते, 'प्लांटग्रो डॉट आउट'. दोन्हीकडची शेजारी ठेवा आणि फरक पहिल्यांदा कुठल्या दिवशी पडला ते शोधा. त्या दिवशी काय झालं? पाऊस, खत की अवस्था बदलली?

पेरणीच्या दिवशीच फरक असेल तर आत जाणारी माहितीच वेगळी आहे, माती किंवा वाणाची फाइल बघा. साठ दिवस सगळं जुळून अचानक फुलोरा एका दिवसाने सरकला, तर गोष्ट वेगळी. मॉडेल रोजची उष्णता साठवत जातं आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की फुलोरा धरतं. बेरीज मर्यादेला अगदी टेकलेली असेल तर सातव्या अंकाचा फरकही तिला आज ओलांडवतो किंवा उद्यावर ढकलतो. मग पुढची सगळी शेंगधारणा एक दिवस हलते आणि उत्पादन दहा-वीस किलो. हे कोडचं पाप नाही, पण असं गृहीतही धरायचं नाही. तापमान ०.०१ ने हलवून दोन्ही संगणकांवर चालवा. दोन्हीकडे तसाच उडीचा दिवस दिसला तर समजायचं की बेरीज उंबरठ्यावरच होती.

आणि डीबग बांधणी एक सांगते, रिलीज दुसरंच, तेही सुटीच्या बाहेर, तर मला एकाच गोष्टीचा संशय येतो: सुरुवातीची किंमत न दिलेला चल. विंडोजवरच्या बांधणीत त्या जागी नशिबाने शून्य पडलेलं असतं, इथे कचरा. डीबग बांधणीत, 'एफएफपीई ट्रॅप' चालू असताना, 'एफइनिट रिअल' ला 'एसनॅन' सांगा. न भरलेला दशांश चल वापरला की प्रोग्राम तिथेच कोसळेल, ओळीच्या क्रमांकासकट. याचंच दुसरं भावंड म्हणजे 'सेव्ह' विसरलेला चल. डीसॅटचा प्रत्येक भाग हंगामाच्या तयारीला एकदा आणि मग रोज अनेकदा बोलावला जातो: दर मोजणं, मग बेरीज, मग छापणं. एका फेरीतली किंमत पुढच्या फेरीत लागते. ती जपून ठेव असं कोडात लिहिलेलं नसेल तर एक कंपायलर जपतो, दुसरा नाही. 'एफनो ऑटोमॅटिक' देऊन आकडे जुळले तर चोर तोच. औषध म्हणून तो पर्याय कायमचा ठेवू नका, 'सेव्ह' कुठे हवं ते शोधा.

संदर्भ नसेल तेव्हा

विंडोज आधीच पुसून बसलेल्यांसाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठी. काही तपासण्यांना दुसऱ्याचा निकाल लागतच नाही.

पाण्याचा हिशेब सगळ्यात चांगला. पेरणीच्या वेळी मातीत होतं ते, अधिक पाऊस, अधिक ओलीत. यातून उडालेलं, वाहून गेलेलं आणि खाली झिरपलेलं वजा करा. उरलं ते हंगामाच्या शेवटी मातीत असलं पाहिजे. सविस्तर छपाई चालू केली की 'सॉइलवॉटबाल' नावाच्या फाइलीत मॉडेल हा ताळा स्वतःच मांडतं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापलीकडे गळती दिसली तर पुढे जाऊ नका.

मग शेतकऱ्याला कळेल असे प्रश्न विचारा. यूएफजीए७८०१ मध्ये ओलिताचं सोयाबीन कोरडवाहूपेक्षा जास्त पिकलं का? पाऊस शून्य केला तर कोरडवाहू पीक मेलं का? माझ्या शेजारच्या काकांना मी एकदा असा निकाल दाखवला, ज्यात पाण्याशिवाय हेक्टरी वीस क्विंटल आलं होतं. ते म्हणाले, "मास्तर, हे बियाणं कुठी भेटते ते सांगून द्या." मी पाण्याच्या ताणाची कळ बंद ठेवली होती.

मग आपलं वावर

एवढं झाल्यावरच स्वतःचा डेटा. कारण आता काही बिघडलं तर बोट कंपायलरकडे जाणार नाही.

हवामानाच्या फाइलीत तारीख वर्ष आणि वर्षातला दिवस अशी असते. १५ जून २०२३ म्हणजे १६६ वा दिवस, २०२४ ला लीप वर्ष म्हणून १६७ वा. एक्सेलमध्ये ओढत नेलेल्या तारखा फेब्रुवारीनंतर एकाने चुकलेल्या मी कैकदा पाहिल्यात. हवामान खात्याचा पाऊस सकाळी ८.३० ला मागच्या २४ तासांचा मोजला जातो, उपग्रहावर आधारलेला डेटा वेगळ्या घड्याळावर चालतो. दोन्ही मिसळले तर पाऊस एक दिवस पुढे-मागे होतो. सौरऊर्जेचा रकाना मेगाजूलमध्ये हवा. आपल्या अक्षांशावर वातावरणाच्या माथ्यावरच उन्हाळ्यात चाळीसच्या आसपास पोचते, म्हणून जमिनीवर चाळीस दिसली तर चूक. आणि मे महिन्यातही ती कधीच बाराच्या वर जात नसेल, तर कोणीतरी तिथे सूर्यप्रकाशाचे तास भरून ठेवले आहेत.

मातीसाठी तयार परदेशी नमुना घेऊन 'काळी माती' म्हणून चालवू नका. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ पासून. आपल्या भागाच्या मातीच्या थरांची मोजमापं तिथल्या अहवालांत शोधा.

कापसाचा आकडा सांगताना तो कापूस आहे की रुई, हे आधी बघा. क्विंटलभर कापसातून रुई निघते ढोबळमानाने तिसरा हिस्सा. हेक्टरी १००० किलो म्हणजे एकरी चार क्विंटल, हे शेतकऱ्याशी बोलताना लगेच करून सांगा, नाहीतर तो ऐकणं सोडून देतो. आणि २०१७ चा हंगाम चालवून मॉडेल भरघोस कापूस दाखवत असेल तर कोड पुन्हा उसवायला बसू नका. त्या वर्षी आपल्याकडे गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली होती. किडीचं नुकसान वेगळं भरून दिल्याशिवाय मॉडेलला ते कळत नाही. प्रोग्राम नीट बांधला गेला का, हा एक प्रश्न. तो आपल्या वावराशी जुळतो का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं एकाच निकालातून काढायला गेलं की प्रबंध तोंडी परीक्षेत अडकतो.

वही

प्रत्येक बांधणीची अर्धं पान नोंद ठेवा: कोडचा टॅग, डेटाचे ठसे, जीफोर्ट्रानची आवृत्ती, दिलेले सगळे पर्याय, प्रोसेसर, कुठल्या फाइलीला काय सूट दिली, तुलनेत सर्वांत मोठा फरक कुठल्या रकान्यात आणि किती. तयार झालेल्या प्रोग्रामचाही ठसा काढा. एकाच गटातल्या दोन पोरांचे निकाल वेगळे आले तर पहिल्यांदा ते दोन ठसे शेजारी ठेवायचे.

उबुंटूने रात्रीतून कंपायलर अद्ययावत केला तर जुना प्रोग्राम तसाच चालतो. पण तुम्ही पुन्हा 'मेक' केलं की तो नवा प्रोग्राम झाला, त्याला सगळी परीक्षा पुन्हा. म्हणून सगळे प्रयोग चालवणारं आणि तुलना करणारं स्क्रिप्ट एकदाच नीट लिहून ठेवायचं. आमचं जुन्या लॅपटॉपवर बारा-पंधरा मिनिटांत होतं. लाइन जाण्याच्या वेळा तोंडपाठ असतात, त्यात बसतं. त्या पोराने स्क्रिप्टच्या शेवटी स्वतःहून एक ओळ घातली आहे. सगळं जुळलं की स्क्रीनवर आधी निकालाची तारीख येते, मग त्याच्या खाली त्याचाच प्रश्न: "आजचीच आहे ना बाप्पा?"